मुंजीत आलेली गिटार

यंदाच्या वैशाखात आमच्या नातवाचा व्रतबंध झाला. मुंज म्हटली म्हणजे आहेर आलेच. पूर्वी चांदीचे ताम्हन, पळीपंचपात्री, गीतेची प्रत, फार तर मनगटी घड्याळ येत असे. बटूचा मामा पुण्यास नोकरीस असतो. भिक्षावळ आटोपल्यावर त्याने एक लांबट काळी पेटी आणून भाच्यापुढे ठेवली. पेटीतून निघाली विजेवर वाजणारी गिटार, आणि तिच्यासोबत दप्तराएवढा एक ध्वनिवर्धक. त्या क्षणी बटूच्या मुखावर जो आनंद दिसला तो मंत्रोपदेशाच्या वेळी दिसला नव्हता, हे आजोबा या नात्याने नाही तरी सत्याला स्मरून आम्हांस नमूद केले पाहिजे.

पहिले आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. आमचे घर नगर शहराच्या जुन्या भागात आहे. २०२४ साली शहराचे व जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले; तथापि आमच्या वयाच्या माणसांच्या जिभेवर नगर हेच रुळलेले आहे. चार पिढ्या, अकरा माणसे आणि भिंतीला भिंत लागून शेजार. सौभाग्यवतींचे म्हणणे, दिवेलागणीस शुभंकरोती म्हणावयाचे की हा कल्लोळ ऐकावयाचा? चिरंजीवांस पोराच्या अभ्यासाची काळजी. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. माहेरच्या आहेराविषयी सासरी मौन बरे, एवढा शहाणपणा त्यांच्यापाशी आहे. सर्वांत मार्मिक प्रश्न केला तो आमच्या मातोश्रींनी. त्यांचे वय आज अठ्ठ्याऐंशी. त्या म्हणाल्या, “तंबोऱ्याला वीज लागत नाही, वीणेला लागत नाही. मग हिलाच ती कशाला हवी? जिला स्वतःचा आवाज नाही ते वाद्य कसले?”

आणि मग सर्वांनी आमच्याकडे पाहिले. निकाल आम्ही द्यावयाचा होता.

वाचकहो, असाच एक निकाल आम्ही पूर्वी दिलेला आहे. १९७९ साली आम्ही नुकतेच शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. आमचे धाकटे बंधू मॅट्रिकच्या वर्गात होते. भिंगारच्या छावणीतून बदली होऊन जाणाऱ्या एका लष्करी गृहस्थाकडून, खाऊचे पैसे साठवून, त्यांनी एक जुनी साधी गिटार विकत आणली व माडीवर बसून ते ती छेडू लागले. वडिलांनी आम्हांस विचारले, “तू आता मास्तर झालास, तूच सांग.” मास्तरकीचा तो पहिला कैफ. आम्ही सांगितले, हे वाद्य आपल्या घरातले नव्हे आणि मॅट्रिकच्या वर्षी तर मुळीच नव्हे. बंधूंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिंगारला जाऊन वाद्य परत करून आले. परीक्षेत गुण चांगले मिळाले, पुढे नोकरी चांगली लागली, संसार सुखाचा झाला. परंतु त्यापूर्वी घरच्या भजनात ते हौसेने तबल्याचा ठेका धरीत, तोही त्यांनी सोडला. त्या दिवसानंतर त्यांनी कोणत्याही वाद्यास हात लावल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्यांनी कधी दोष दिला नाही. म्हणूनच तो निकाल आम्हांस आजवर टोचत आला आहे.

तेव्हा यंदा आम्ही ठरविले की, प्रकरण वाचल्यावाचून निकाल द्यावयाचा नाही. श्लोक न वाचता अर्थ सांगू नये, असे आयुष्यभर मुलांस बजावीत आलो. तो नियम स्वतःस लावण्याची वेळ आली होती. दुपारच्या वेळी नातू गुरू आणि आम्ही शिष्य, असा पाठ सुरू झाला. तो फोनवर जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवी. आम्ही ती ऐकून जे मिळेल ते वाचीत असू. हे वाद्य ज्या संगीताने मोठे केले त्याचे नाव ब्लूज. तीन महिन्यांत जे हाती लागले ते येथे देतो, कारण हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आलेला असेल.

प्रथम यंत्राची गोष्ट. साध्या गिटारीचे पोट पोकळ असते. तार छेडली की लाकडी फळी थरारते आणि पोटातली हवा तो नाद वाढविते. विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव असते. तारांच्या खाली चुंबक बसविलेले असतात आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांतून अगदी क्षीण असा विद्युत्प्रवाह वाहू लागतो. फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिलेले हेच ते तत्त्व. तो क्षीण प्रवाह ध्वनिवर्धकात जाऊन बलवान होतो व कर्ण्यातून नादरूपाने बाहेर पडतो. अशा गिटारी अमेरिकेत १९३२ च्या सुमारास विक्रीस आल्या. तेव्हा आवाज नसलेल्या वाद्यास विजेने आवाज दिला असे नसून, तारेचा मूळचा कंपच वीज आपल्या कानापर्यंत आणून पोचविते. मातोश्रींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हांस कापसाच्या शेतात जावे लागले.

अमेरिकेच्या दक्षिणेस मिसिसिपी नदीच्या काठी काळ्या मातीचा सपाट प्रदेश आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांच्या वंशजांकडून तेथे गुलामगिरीत कापूस पिकवून घेत. १८६१ ते १८६५ या काळात त्या देशात यादवी युद्ध झाले व त्याअंती गुलाम मुक्त झाले. या युद्धाशी आमच्या जिल्ह्याचा संबंध आहे, हे वाचून काही वाचकांस नवल वाटेल. अमेरिकेचा कापूस बंद पडताच इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर धावल्या. भाव चढले, सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि कर्ज तेवढे राहिले. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. ते लोण लवकरच आमच्या नगर जिल्ह्यात पोचले. तिकडे मुक्त झालेला गुलामही मुक्त झालाच नव्हता. तो जमीनदाराची जमीन अर्धेलीने कसू लागला आणि जमीनदाराच्याच दुकानातून उधार खाऊ लागला. वर्षाच्या शेवटी हिशेब व्हावा आणि देणेच निघावे, हे पारनेर-श्रीगोंद्याकडच्या कुणब्यास वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्या लोकांच्या गाण्याचे नाव ब्लूज. ब्लू म्हणजे निळा; पण त्यांच्या बोलीत तो शब्द मनाच्या खिन्नतेसाठी योजतात. गाण्याचा घाट अगदी साधा. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. आम्ही हे मातोश्रींस सांगितले तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, “अरे, आम्ही जात्यावर दुसरे काय करीत होतो? पहिली ओळ घोळवून पुन्हा म्हणायची, तोवर पुढची सुचते.” पारनेर तालुक्यातील त्यांच्या माहेरी पहाटेच्या दळणाबरोबर ओव्या चालत. विषयही फार दूरचे नव्हते : माहेराची ओढ, सोडून गेलेले माणूस, न संपणारे काम. भेद एवढाच की, आमच्या बायकांच्या हाती जात्याचा खुंटा होता आणि तेथील गड्याच्या हाती रात्री गिटार येई.

ती गिटार ते कशी वाजवीत हे पाहण्यासारखे आहे. हँडी नावाच्या एका कृष्णवर्णीय बँडवाल्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या लहानशा रेल्वे स्थानकावर त्याने एका फाटक्या कपड्यांतील माणसास तारांवर सुरी दाबून सरकवीत गिटार वाजविताना ऐकले. सुरी का? गिटारीला पडदे असतात. पडद्यावर बोट ठेवले की ठराविक स्वर निघतो. मधली जागा मिळत नाही. परंतु त्या माणसाच्या गळ्यातला स्वर ठराविक नव्हता. त्याला कोमल गंधाराहून किंचित वरचा आणि शुद्ध गंधाराहून किंचित खालचा, असा मधला गंधार हवा होता. पाश्चात्य पेटीला ती जागा नाही. आमच्या शास्त्राला मात्र ती अपरिचित नाही. बावीस श्रुतींचा विचार करणाऱ्यांस दोन स्वरांमध्ये किती जागा असते हे ठाऊक असते. नातवाने ब्लूजची नेहमीची स्वरपंक्ती वाजवून दाखविली ती षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम व कोमल निषाद अशी निघाली. आम्ही त्यास सांगितले, बाळ, हे आमच्या धानीचे स्वर. आणि दोन्ही गंधार त्यात आले की जोगाची आठवण होते. अर्थात स्वर सारखे म्हणून राग एक होत नाही. चलन वेगळे, भाव वेगळा. पण ओळख पटावयास एवढे पुरे.

आता विजेकडे येऊ. पहिल्या महायुद्धापासून दक्षिणेतील कृष्णवर्णीय लोक लाखांनी शेते सोडून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले. त्यांत मॅकिन्ले मॉर्गनफील्ड नावाचा ट्रॅक्टर चालविणारा एक तरुण होता. जग त्यास मडी वॉटर्स या नावाने ओळखते. १९४१ साली ॲलन लोमॅक्स हे संग्राहक अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी लोकगीते गोळा करीत त्याच्या झोपडीपर्यंत पोचले व त्याचे गाणे त्यांनी मुद्रित केले. १९४३ साली तो शिकागोस गेला. तेथील मद्यगृहांत गर्दी, गडबड आणि पेल्यांचा खणखणाट. शेतावरच्या रात्री ऐकू जाणारी लाकडी गिटार तेथे कोणास ऐकू येणार? त्याने विजेची गिटार घेतली. १९४८ साली त्याची जी ध्वनिमुद्रिका निघाली तिने त्या शहरात आलेल्या सर्व परागंदा लोकांस आपले गाव पुन्हा ऐकू आले.

अशा रीतीने वीज आली ती गर्दीत ऐकू जावे म्हणून. राहिली मात्र निराळ्याच कारणाने. साध्या गिटारीचा स्वर छेडताच विरू लागतो. विजेने तो वाढविल्यावर विरण्यास वेळ लागू लागला. स्वर टिकला म्हणजे तो वळविता येतो. बोटाने तार आडवी ओढून खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर सावकाश चढावे, तेथे थांबून बोट हलवावे, पुन्हा उतरावे, हे सारे आता ऐकू येऊ लागले. याला आपण काय म्हणतो? मींड म्हणतो, आंदोलन म्हणतो. सतारीये तार ओढतात ती याचसाठी. बी. बी. किंग हे या कलेतील थोर नाव. जन्म १९२५ मिसिसिपी प्रांतात, मृत्यू २०१५. त्यांचा बुका व्हाइट नावाचा एक आप्त तारेवर नळी सरकवून वाजविण्यात निष्णात होता. किंग यांस ते काही केल्या साधेना. म्हणून त्यांनी नुसत्या बोटानेच तार हलवून त्या नादाची नक्कल करण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नातून जो कंप निघाला तो पुढे जगभरच्या वादकांनी उचलला. एका माणसाची उणीव अशी सर्वांचे भूषण झाली. त्यांच्या वादनात आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. ते गात असताना गिटार वाजवीत नसत आणि गिटार वाजवीत असताना गात नसत. ओळ कंठाने म्हणावयाची आणि उत्तर तारेने द्यावयाचे. आपल्याकडे ख्यालगायकाच्या मागे सारंगी जे करते त्याची येथे आठवण होते.

नातू ध्वनिवर्धकाची कळ पुरी फिरवी तेव्हा स्वराला जो फाटका, करवतीसारखा दाणा येई तो आम्हांस प्रथम असह्य झाला. त्याचेही मूळ शोधले. शिकागोचे ते जुने ध्वनिवर्धक लहान आणि निर्वात नळ्यांचे होते. त्यांच्या ताकदीबाहेर आवाज चढविला म्हणजे नादलहरींचे शेंडे छाटले जात आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर बाहेर पडत. दोष म्हणून आला तो गुण म्हणून ठेवला. आमच्या तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून आपण जवारी काढतो ती कशासाठी? तार घोडीला घासून उपस्वर झणकारावेत म्हणूनच. रीती निराळ्या, पण हेतू एकच : स्वर कोरडा राहू नये. दुसऱ्या दिवशी आम्ही तंबोरा काढून जवारी लावून नातवास ऐकविली. तो म्हणाला, “आजोबा, हा तर माझ्याच गिटारीचा आवाज, फक्त शांत.” मातोश्रींच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे. विजेमुळे या तारेस कंठ मिळाला.

म्हणूनच ती पुढे पसरली. १९५८ साली मडी वॉटर्स इंग्लंडास गेला तेव्हा त्याची मोठ्या आवाजाची गिटार ऐकून तेथील काही जाणते श्रोते आमच्या घरच्यांसारखेच दचकले. तरुणांनी मात्र ती उचलली. रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध मंडळीने आपले नावही त्याच्याच १९५० च्या एका गाण्यावरून घेतले. द हू ही लंडनची आणखी एक मंडळी. तिचा गिटारवादक पीट टाऊनशेंड हा विद्यार्थीदशेत एका अमेरिकन मित्राने मागे ठेवलेल्या ब्लूजच्या तबकड्या ऐकून तयार झाला. पुढे त्याने ध्वनिवर्धकांचे डोंगर उभे केले आणि खेळ संपताना गिटारी आपटून फोडण्याचा परिपाठ पाडला. पुस्तकास पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आम्हां मंडळींस हा प्रकार पटणे कधीच शक्य नाही, आणि तो पटवून घेण्याचे कारणही नाही.

परंतु याच माणसाचा पत्ता शोधता शोधता आम्ही आपल्याच गावाच्या वेशीवर येऊन पोचलो. नगरपासून दौंडच्या रस्त्यावर सुमारे सहा मैलांवर अरणगाव आहे. तेथील मेहेराबाद येथे मेहेरबाबांची समाधी आहे. पुण्यास १८९४ साली जन्मलेल्या या सत्पुरुषाने १० जुलै १९२५ रोजी मौन धरले ते ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत सोडले नाही. टाऊनशेंड हा त्यांचा अनुयायी झाला. १९७१ साली त्याने रचलेल्या एका गाण्याच्या नावातील ‘बाबा’ ते हेच. १९७२ साली तो समाधीच्या दर्शनास अरणगावी आला आणि त्याच वर्षी निघालेल्या आपल्या संग्रहात त्याने बाबांची परवरदिगार ही प्रार्थना स्वरबद्ध करून गायिली. नगरकरांस ते साल दुष्काळाचे म्हणून स्मरते. आम्ही त्या वेळी शाळेत शिकत होतो आणि सहा मैलांवर कोण येऊन गेले याचा आम्हांस गंधही नव्हता. १९७६ साली ज्या मंडळीच्या नावावर जगातील सर्वांत मोठ्या आवाजाचा विक्रम नोंदला गेला, तिचा वादक चव्वेचाळीस वर्षे न बोललेल्या पुरुषाच्या पायाशी शांती शोधीत यावा, यात कित्येकांस विसंगती दिसेल. आम्हांस तशी दिसत नाही. मिसिसिपीच्या शेतावरही दुःख बोलून संपत नव्हते म्हणूनच तार छेडली जात होती.

आपल्या संगीतात हे वाद्य शिरले ते एकाच वाटेने नव्हे. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाई पद्धतीची गिटार ही वेगळी शाखा. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग वाजविले आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर ती घरोघर पोचली. पुढे मोहनवीणेचे वादक विश्वमोहन भट्ट यांनी ब्लूजमध्ये मुरलेले अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासह १९९३ साली एक ध्वनिमुद्रिका काढली. दोन्ही शाखा तेथे एकत्र आल्या. चित्रपटसंगीताने तर विजेची गिटार केव्हाच आपलीशी केली होती. १९७१ च्या ‘दम मारो दम’ या गाण्यातील गिटार वाजविणारे भूपिंदर सिंग हेच पुढे संयत गझलगायक म्हणून आपणांस प्रिय झाले. आणि ‘कट्यार काळजात घुसली’? दारव्हेकरांचे लेखन व अभिषेकीबुवांचे संगीत असलेले १९६७ चे ते नाटक आम्ही देव्हाऱ्यात ठेवले आहे. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा नव्या गाण्यांस संगीत देणाऱ्या त्रयीत एहसान नूरानी होते. ते ब्लूजचे नामांकित गिटारवादक आहेत. घरच्या सर्वांनी तो चित्रपट डोळे पुशीत पाहिला. त्या वेळी कोणी गिटारीविषयी तक्रार केल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. २०११ साली मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला आणि शिकागोचे बडी गाय तेथे वाजवून गेले. त्यांचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर होते.

राहिले ते आक्षेप. वाद्य परकीय आहे हा पहिला. बालगंधर्वांच्या नाटकमंडळीतला ऑर्गन कोठून आला होता? दक्षिणेतील व्हायोलिन कोठून आले? पेटी तर इतकी परकी ठरली की, १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवले. आज पेटीवाचून आमचे कीर्तन उभे राहत नाही. तेव्हा वाद्याचे कूळ विचारू नये, त्यातून स्वर कसा निघतो ते पाहावे. दुसरा आक्षेप गोंगाटाचा. तो मात्र खरा आहे आणि आम्ही त्यात काडीचीही सूट देणार नाही. स्वतः टाऊनशेंड यांची श्रवणशक्ती अतिमोठ्या आवाजाने दुखावली व त्यांनी ते उघडपणे सांगितले आहे. ऐकण्याच्या कलेत कानच गमवावा, यासारखी हानी नाही. तिसरा आक्षेप अभ्यासाचा. त्याचे उत्तर वाद्य काढून घेणे हे नव्हे. वेळ बांधून देणे हे आहे. ते आम्हांस १९७९ साली सुचले नाही.

म्हणून आमच्या घरी पुढील निकाल झाला. गिटार राहील. रोज सायंकाळी परवचा झाल्यावर एक तास वाजेल. ध्वनिवर्धकाची कळ माजघरात बोललेले ऐकू येईल इतपतच फिरेल. त्या तासातील पहिली दहा मिनिटे तंबोऱ्यासमोर बसून सा लावावयाचा, मग तार ओढावयाची. कारण ज्याच्या कानात स्वर नाही त्याच्या बोटात तो येणार नाही. मातोश्रींनी निकाल ऐकला व एकच दुरुस्ती सुचविली : एकादशीस हरिपाठाची चाल वाजवावी. ती मान्य झाली.

गणपतीत धाकटे बंधू सहकुटुंब आले होते. आरती झाल्यावर नातवाने आपण होऊन गिटार त्यांच्या हाती दिली. ते नको नको म्हणू लागले. आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, “घे. त्या वर्षी आमची चूक झाली.” इतक्या वर्षांत हे वाक्य आम्हांस उच्चारता आले नव्हते. त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. गिटार मांडीवर घेतली, एक तार छेडली आणि बोटाने ओढली. स्वर चढता चढता मध्येच अडकला. साठी उलटलेले ते बोट तारेने कापल्यासारखे लाल झाले. मग नातवाकडे वळून ते म्हणाले, “बोट कुठे धरायचे ते पुन्हा एकदा दाखव बघू.”

त्या रात्री माजघरात बऱ्याच उशिरापर्यंत तार वाजत होती. वेळेचा नियम आमचाच होता. तो मोडल्याबद्दल आम्ही कोणास बोललो नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी काळी पेटी आली असेल त्यांस आमचे सांगणे एवढेच की, निकाल देण्यापूर्वी मुलाजवळ तीन दिवस बसून ऐकावे. मग हो म्हणावे किंवा नाही म्हणावे. पण ऐकून म्हणावे.